पदकाच्या कडेवरचं नाव नेमकं कोणाचं? आधी पलटण शोधा, मग माणूस

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन पदकं निघाली. एक चांदीचं, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि १९१४ व १९१८ ही सालं. दुसरं पितळी दिसणारं, त्यावर पंख पसरलेली देवी. दोन्हींच्या कडेवर इंग्रजीत चार आकडी नंबर, 'सीपॉय', एक नाव आणि शेवटी '११० मराठा एल. आय.' (म्हणजे लाइट इन्फन्ट्री, पायदळाची पलटण) अशी बारीक अक्षरं. गाव सातारा जिल्ह्यातलं, आडनाव जुळतं; पण पणजोबा कधी पलटणीत होते असं घरात कोणालाच ठाऊक नाही. पदकं त्यांचीच का, आणि असतील तर ते कुठे लढले?

पहिली दोन वाक्यं आधीच सांगून टाकतो. या पदकांचा माग लागतो, पण बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या टोकाने करतात: कडेवरचं नाव उचलतात आणि इंटरनेटवर शोधत बसतात. मराठा पलटणींमध्ये त्या काळी एकाच नावा-आडनावाचे अनेक शिपाई असत, आणि भारतीय शिपायांची नावानिशी एकत्रित यादी बॉम्बे इलाख्यापुरती तरी उपलब्ध नाही. पंजाबची गोष्ट वेगळी. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या पंजाबी सैनिकांच्या सुमारे ३ लाख २० हजार नोंदी सापडल्या आणि २०२१पासून त्या लोकांसमोर येऊ लागल्या. तसं काही आपल्याकडे मिळेल या आशेवर थांबू नका. आपल्याकडे वाट उलटी जाते: पदकावरून मोहीम, मोहिमेवरून पलटण, पलटण आणि नंबर यांवरून भरतीचा काळ, आणि मग गावाकडून वर येणारी कागदपत्रं. दोन्ही टोकं जुळली की माणूस सापडला.

आधी कड नीट वाचा. आणि त्याआधी, पदक घासू नका. चिंच-मीठ, राख, भांडी चमकवायची पावडर यातलं काहीही लावलं की सर्वांत आधी झिजते ती कड, कारण ती उंच असते आणि चिमटीत तीच धरली जाते. काळवंडलेलं चांदीचं पदक वाचायला चकचकीत पदकापेक्षा सोपंच जातं; अक्षरांच्या खाचांत काळं राहतं, कड उजळ दिसते. वाटीभर तांदळात पदक उभं खोचा, खोली थोडी अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ समांतर धरा. अक्षरांची सावली पडते. थोडं थोडं फिरवत पाच-सहा फोटो घ्या, प्रत्येकात आधीच्या फोटोतलं शेवटचं अक्षर पुन्हा येईल असे. मग दुसऱ्या माणसाला, तुमचं वाचन न सांगता, वाचायला द्या. ३ आणि ८, १ आणि ७, ० आणि ६ यांत घोळ होतो, आणि नंबरातला एक आकडा चुकला की पुढचा सगळा शोध दुसऱ्याच माणसाचा होतो.

वाचतानाच अक्षरं ठशाची आहेत की कोरलेली तेही बघा. सोनाराचं दहापट भिंग पुरतं. ठशाने मारलेल्या अक्षराचा तळ सपाट असतो, सगळी अक्षरं एका मापाची असतात, मात्र ओळ किंचित वरखाली झालेली असू शकते. सुईने कोरलेल्या अक्षराची खाच इंग्रजी व्हीसारखी असते, रेघेची जाडी बदलते, टोकाला धातूचा बारीक कंगोरा राहतो. पहिल्या महायुद्धातल्या भारतीय पदकांवर ठशाची मोठी अक्षरं अपेक्षित असतात. एकोणिसाव्या शतकातल्या पदकांवर कोरीव, कधी वळणदार लिपीतलं नावही अस्सल असतं. म्हणजे कोरलेलं दिसलं की खोटं, असा सरसकट नियम नाही. त्या विशिष्ट पदकाला त्या काळी कोणती पद्धत होती हे पाहावं लागतं.

नाव बदललेली पदकंही बाजारात फिरतात. जुनं नाव कानशीने काढून नवं घातलं की कड बारीक होते. या दोन्ही पदकांचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. व्हर्नियर कॅलिपरने चार-पाच ठिकाणी मोजा. नावाच्या भागात माप कमी भरलं किंवा तेवढाच भाग सपाट लागला तर शंका घ्या. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची शिवण किंवा सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. घरच्या ट्रंकेतल्या वस्तूबाबत ही भीती कमी. मुंबईच्या चोर बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या पदकाबाबत मात्र हीच तपासणी पहिली. एक खास सूचना: १७९९ ते १८२६ या काळातल्या लढायांसाठी ईस्ट इंडिया कंपनीने जे 'आर्मी ऑफ इंडिया' पदक दिलं, त्याच्या रिबिनीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर असई, अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव अशी आपल्या ओळखीची नावं आहेत. पण ते पदक मिळालं १८५१मध्ये, आणि तेही तोवर हयात असलेल्यांनाच. तेव्हा 'कोरेगाव' पट्टीचं पदक कोणी स्वस्तात देऊ केलं तर किंमत विचारण्याआधी भिंग काढा.

आता तुमच्या जोडीकडे. घोडेस्वाराचं ते 'ब्रिटिश वॉर मेडल' आणि पंखवाल्या देवीचं 'व्हिक्टरी मेडल'. कोणती पदकं आहेत आणि कोणती नाहीत, यातूनच बरंच कळतं. व्हिक्टरी मेडल प्रत्यक्ष रणभूमीवर पाऊल ठेवलेल्यालाच मिळे. नुसतं वॉर मेडल असेल तर माणूस समुद्रापार गेला, पण युद्धक्षेत्रात गेला नाही, अशी शक्यता धरायची. तेच पदक चांदीऐवजी कांस्याचं असेल तर तो बहुधा लेबर कोअरमध्ये किंवा पलटणीबरोबरच्या बिनलढाऊ नोकरवर्गात होता. १९१५ संपायच्या आत रणभूमीवर पोचलेल्यांना या दोघांच्या जोडीला एक कांस्याची चांदणी मिळे, '१९१४-१५ स्टार'. तिच्यावर नाव कडेला नसतं, मागच्या सपाट बाजूवर तीन ओळींत असतं. फ्रान्स-बेल्जियममध्ये २२ नोव्हेंबर १९१४पर्यंत पोचलेल्यांची चांदणी वेगळी, '१९१४ स्टार'. ती बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे सैन्यातल्या अभियंता दलाच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांतल्या जवानांकडे सापडू शकते. त्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ला फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या हल्ल्यात होत्या.

तुमच्या पेटीत चांदणी नाही. यावरून शिपाई १९१६ किंवा नंतर गेला, असा तर्क निघतो. पण तो तर्कच. पदकं भावाभावांत वाटली जातात, चांदणी चुलत घरी गेलेली असते, आणि कांस्याला मोल नाही म्हणून ती पोरांच्या खेळण्यात जाते. चुलत घरांत विचारून झाल्याशिवाय 'चांदणी नव्हतीच' असं लिहू नका. त्याच वेळी आणखी एक गोष्ट विचारा: ताटलीएवढी, साधारण १२ सेंटिमीटरची कांस्याची जड चकती घरात आहे का, जिच्यावर एक स्त्री आणि सिंह आहे? ती युद्धात मेलेल्याच्या वारसाला मिळे. तिच्यावर फक्त नाव असतं. हुद्दा, नंबर, पलटण काही नाही. ती सापडली तर पुढचा शोध फारच सोपा होतो, कारण मृतांच्या नोंदी टिकल्या आहेत.

पलटण. इथे सगळ्यात जास्त गफलती होतात. पदकावरची '११०' ही पलटण आजच्या यादीत शोधून सापडणार नाही. १९०३मध्ये लॉर्ड किचनरने सैन्याची फेरआखणी केली तेव्हा बॉम्बे आर्मीच्या पायदळाच्या नंबरांत १०० मिळवले गेले: बॉम्बेची ३ नंबरची पलटण १०३ झाली, १० नंबरची ११०, १७ नंबरची ११७. पुढे १९२२मध्ये पुन्हा फेरबदल होऊन मराठा पलटणींची मिळून '५वी मराठा लाइट इन्फन्ट्री' ही रेजिमेंट बनली. त्यात १०३ झाली पहिली बटालियन, म्हणजेच 'जंगी पलटण', १०५ झाली दुसरी, म्हणजे 'काळी पाचवी', ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, तिला 'रॉयल' हा किताब, आणि ११४ झाली दहावी, प्रशिक्षणाची. म्हणून १९२२ नंतरच्या पदकावर '३-५ मराठा एल. आय.' दिसलं तर ती पस्तिसावी नव्हे, पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन, म्हणजे पूर्वीची ११०. तुमच्या घरात पुढच्या पिढीचं 'इंडिया जनरल सर्व्हिस' पदक असेल तर त्यावर हाच आकडा येऊ शकतो, आणि मग बाप-लेक एकाच पलटणीत होते असं दिसतं. आकड्यापुढे '१/' किंवा '२/' असेल तर युद्धकाळात त्याच नंबराची दुसरी बटालियन उभी केली होती का, हे आधी पाहा. दोघींच्या वाटा वेगळ्या असतात.

सगळेच मराठे 'मराठा' नावाच्या पलटणीत नव्हते, हेही लक्षात ठेवा. आपल्या भागातले लोक बॉम्बे सॅपर्समध्ये, रस्ते-खंदक करणाऱ्या पायोनियर पलटणींत, रायफल पलटणींत, खेचरांच्या तांड्यांत आणि सप्लाय-ट्रान्सपोर्टमध्येही भरती होत. १९१७मध्ये '१११ महार' ही वेगळी पलटण उभी राहिली आणि काही वर्षांतच ती मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१मध्ये बेळगावात नव्याने उभारलेली. पायोनियर पलटणी तर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बंदच झाल्या. कडेवर '१२८ पायोनियर्स' असेल तर तिची आजची वारस रेजिमेंट शोधत बसण्यात अर्थ नाही. आणि जुन्या बॉम्बे पायदळातल्या काही पलटणी १९२२मध्ये बलुच रेजिमेंटमध्ये गेल्या. फाळणीत ती रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला आली, तिची कागदपत्रंही तिकडेच.

११० मराठा लाइट इन्फन्ट्री मात्र सुदैवाने चांगली नोंदलेली आहे. ती सहाव्या पूना डिव्हिजनच्या १८ व्या ब्रिगेडमध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. याच डिव्हिजनमध्ये १०३ आणि ११७ या पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५मध्ये कुट अल अमाराला या डिव्हिजनला तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ला उपाशी सैन्याने शरणागती पत्करली; सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली. त्यानंतर या पलटणी नव्या भरतीने पुन्हा उभ्या करण्यात आल्या. तेव्हा ११० नंबरच्या शिपायाबाबत पहिला प्रश्न हाच: कुटच्या आधीचा की नंतरचा? चांदणी असेल तर आधीचा. नसेल तर उत्तर नंबरात शोधायचं.

पण नंबर म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. त्या काळी भारतीय सैन्यात सबंध सैन्याचा मिळून एक क्रमांक नव्हता. प्रत्येक पलटणीची आपली मालिका. २४१७ नंबरचा शिपाई ११० मध्येही असेल आणि ११६ मध्येही. म्हणून नुसता नंबर शोधणं व्यर्थ, नंबर आणि पलटण मिळून ओळख होते. जमादार-सुभेदारांना नंबर नसे. त्यांच्या पदकावर हुद्दा, नाव, पलटण एवढंच. मात्र त्यांची नावं नेमणुकीच्या तारखेसह 'इंडियन आर्मी लिस्ट'मध्ये छापलेली असत, आणि तिचे बरेच जुने खंड स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत. म्हणजे सुभेदाराचा शोध शिपायाच्या शोधापेक्षा सोपा.

मालिका चढती असल्यामुळे नंबरावरून भरतीचा अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी मृतांच्या नोंदी कामी येतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. नावाचा रकाना रिकामा ठेवा. पहिलं महायुद्ध, भारतीय सैन्य आणि रेजिमेंटमध्ये ११० मराठा एवढंच भरा. निघालेली यादी उतरवून घ्या आणि एक्सेलमध्ये नंबरानुसार लावा. आता तुमच्या नंबराच्या वरचे आणि खालचे दहा-दहा शिपाई बघा. ते कधी मेले, कोणत्या जिल्ह्यातले होते? तुमच्या नंबराच्या जवळचे लोक १९१५च्या नोव्हेंबरात टेसिफॉनला (बगदादजवळच्या लढाईत) किंवा १९१६ साली कैदेत मेलेले दिसले, तर तुमचा माणूसही कुटच्या आधीच्या भरतीतला असण्याची शक्यता मोठी. शेजारचे सगळे १९१७-१८मध्ये मेलेले असतील तर तो नंतरचा. दुसऱ्या पलटणीतून कुमक म्हणून आलेले काही जण जुनाच नंबर घेऊन येत, त्यामुळे एखादा आकडा मध्येच विसंगत दिसतो. एकाच शेजाऱ्यावर भरवसा ठेवू नका, गठ्ठ्याचा कल बघा.

याच यादीत कदाचित तुमचा माणूसही निघेल. भारतीय नोंदींत पुष्कळदा 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा' असं लिहिलेलं असतं, आणि वंशावळीशी जुळवायला याहून चांगला पुरावा नाही. प्रगत शोधात अधिक माहितीचा रकाना असतो. तिथे गावाचं नाव वेगवेगळ्या वर्णलेखनात टाकून बघा. मेसोपोटेमियात मेलेल्यांची कबर नसेल तर नाव बसरा स्मारकाखाली येतं. त्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त जणांचं स्मरण आहे, पण भारतीय शिपायांची नावं दगडावर कोरलीच नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा आहे. नावं छापील नोंदवहीत आहेत. म्हणून स्मारकाच्या फोटोत नाव सापडलं नाही याचा काहीच अर्थ होत नाही. स्कॅन केलेली नोंदवही उघडा. नोंदच नसेल तर तो परत आला असं धरून पुढे चला.

वर्णलेखनाचा त्रास सगळीकडे होणार. लिहिणारा बाबू किंवा इंग्रज अधिकारी कानावर पडेल तसं लिहीत असे. पवारचं पोवार, चव्हाणचं चौहान, कदमचं कुड्डम, जाधवचं जाधो, शिंदेचं सिंदे किंवा सिंडे. पाळण्यातलं नाव आणि कागदावरचं नावही वेगळं असे. घरी 'नाना' म्हणून माहीत असलेला माणूस पदकावर 'धोंडी' असू शकतो. आडनावाऐवजी कधी बापाचंच नाव. शोधताना पहिली तीन-चार अक्षरं आणि त्यापुढे तारांकन वापरा, म्हणजे शेवट काहीही असला तरी नोंद निघते.

लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पहिल्या महायुद्धाची पदक कार्डं आहेत. शोध मोफत, प्रत घ्यायला थोडं शुल्क. इंग्रज सैनिकाला हा रामबाण उपाय. आपल्या शिपायाचं कार्ड मिळालंच तर नशीब समजा. तिथली खरी कामाची वस्तू म्हणजे पलटणींच्या युद्धदैनंदिन्या, 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत. रोज पलटण कुठे होती, काय झालं, याची पेन्सिलीने केलेली नोंद. तिच्यात इंग्रज अधिकारी नावाने येतात, आपले लोक आकड्यांत: 'भारतीय इतर हुद्दे, ४ ठार, १७ जखमी' अशा धाटणीने. तेव्हा त्यात पणजोबांचं नाव शोधू नका. त्यांची पलटण अमक्या महिन्यात कुठे होती ते शोधा. काही दैनंदिन्या आणि सैन्यखात्याची कागदपत्रं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही आहेत, त्यांची सूची 'अभिलेख पटल' या पोर्टलवर बघता येते. एकोणिसाव्या शतकातल्या मोहिमांच्या पदक-याद्या हव्या असतील तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात, 'एल/एमआयएल/५'मध्ये बघा. कैदेत गेला असावा असं वाटत असेल तर रेड क्रॉसची १९१४-१८ची कैद्यांची कार्डं इंटरनेटवर मोफत आहेत. तिथे नाव फार विचित्र पद्धतीने लिहिलेलं असतं, वेळ हाताशी असेल तरच उतरा.

शौर्यपदक असेल तर गोष्ट वेगळी. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट किंवा १९०७मध्ये सुरू झालेलं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळालेल्यांची नावं राजपत्रात छापली जात. तिथे नंबर आणि पलटण दोन्ही सापडतात, शोध झटपट संपतो.

आता गावाकडचं टोक. गावात महायुद्धाचा संगमरवरी फलक आहे का ते बघा: 'या गावातून इतके लोक १९१४-१९१९च्या महायुद्धात गेले, इतक्यांनी प्राण दिले' असा. साताऱ्यात, रत्नागिरीत, पुण्याच्या मावळात असे फलक चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत आहेत. त्यावर सहसा नावं नसतात, पण गावातून लोक गेले होते हे तरी पक्कं होतं, आणि ठार झालेल्यांचा आकडा तुम्ही उतरवलेल्या यादीतल्या त्या गावच्या नावांशी ताडता येतो.

मग तहसील कार्यालय. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकात असतात, पुष्कळशा मोडी लिपीत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३पासून अशी बरीच दप्तरं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत. हेतू वेगळा असला तरी आपल्याला त्या आयत्याच मिळाल्या. १९१५-१८मध्ये भरती झालेला शिपाई साधारण १८८५ ते १९००च्या दरम्यान जन्मलेला असणार, तेवढीच वर्षं चाळा. जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टरही बघा. शिपाई पेन्शनीत निघाला असेल तर पेन्शनबुक किंवा सुटीचं सर्टिफिकेट बहुधा त्याच ट्रंकेत तळाशी, देवघरात किंवा जमिनीच्या कागदांत सापडतं. सात-बाराच्या फाइलीत दुमडून ठेवलेला इंग्रजी कागद कोणी उघडलेला नसतो. दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांकडच्या (घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्यांकडच्या) वंशावळी उपयोगी पडतात, विशेषतः भावांची नावं आणि कोण निःसंतान गेलं हे कळायला. पण ती दुय्यम साक्ष; तेवढ्यावर निर्णय करू नये.

आणि सैन्यदलाकडे विचारणा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पत्रात कडेवरचा मजकूर अक्षरशः जसाच्या तसा उतरवा, फोटो लावा, तुमचं नातं आणि त्याचा पुरावा द्या, आणि 'सगळी माहिती द्या' असं न म्हणता नेमकं मागा: भरतीची तारीख, बापाचं नाव, गाव, तालुका, सेवामुक्तीची तारीख, मिळालेली पदकं. 'शीट रोल' आणि 'लाँग रोल' हे दोन शब्द पत्रात असू द्या. शीट रोल म्हणजे सैनिकाची वैयक्तिक सेवापुस्तिका, ती ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. लाँग रोल म्हणजे भरती झालेल्यांची नोंदवही, ती टिकवायची असते. लिपिकाने 'रेकॉर्ड नष्ट' असं लिहून पाठवलं तर बहुतेकदा ते शीट रोलबद्दल असतं. लाँग रोलमधली नोंद बघावी, अशी दुसरी विनंती करा. तरीही १९२२पूर्वीच्या शिपायाबद्दल तिथून काही निघेलच असं समजू नका. १९४७ नंतरच्यांबद्दल मात्र ही वाट उत्तम चालते.

दुसऱ्या महायुद्धाची आणि नंतरची पदकं विचारणारेही बरेच असतात, त्यांच्यापुरतं दोन शब्द. १९३९-४५च्या चांदण्या आणि पदकं इंग्रजांना कोरी दिली गेली, भारतीयांच्या काहींवर नाव सापडतं. कोऱ्या पदकावर नंतर बाजारातल्या कारागिराकडून नाव कोरून घेतलेलं असू शकतं. ते खोटं नव्हे, पण सरकारी पुरावाही नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांवर नंबर असतो आणि त्याची सुरुवातच बोलते: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नंबर सहसा २७ने, महार रेजिमेंटचे ४५ने सुरू होतात, जेसीओंच्या (सुभेदार वगैरे हुद्द्यांच्या) नंबराआधी 'जेसी', अधिकाऱ्यांच्या आधी 'आयसी' येतं. तो नंबर घेऊन थेट रेकॉर्ड ऑफिसला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो: पदक 'आपल्याच' माणसाचं हे कधी म्हणायचं? आडनाव आणि गावचा जिल्हा जुळला, एवढ्यावर नाही. पलटण-नंबराशी जोडलेल्या एखाद्या कागदावर बापाचं नाव किंवा गाव मिळालं आणि ते तुमच्या वंशावळीत बसलं, तर पक्कं. तसा कागद नसेल तर 'शक्यता मोठी' असं लिहा आणि तिथेच थांबा. बाकीच्या शक्यताही तपासा: चांदीचं पदक गहाणात आलेलं असतं, सोनाराकडून मोडीच्या भावात घेतलेलं असतं, किंवा जावयाचं, मेहुण्याचं, आजोळच्या माणसाचं असतं. पणजोबांच्या बहिणी कुठे दिल्या होत्या ते विचारून बघा. आडनाव जुळतंय म्हणून तुमच्या बाबतीत हे कमी संभवतं, पण भावकीतला दुसरा कोणी असणं पूर्ण शक्य आहे. पणजोबांना सख्खे-चुलत भाऊ किती, त्यात अविवाहित किंवा तरुणपणी गेलेला कोणी होता का, हे आधी काढा. घरात कोणालाच माहीत नसलेला शिपाई अनेकदा असाच निघतो: ज्याचा पुढे वंश नाही आणि ज्याची ट्रंक भावाकडे राहिली.

जोडी वेगळी करू नका. एकाच नावाची दोन पदकं एकत्र असणं हाच पुरावा आहे. सुती कापडात वेगवेगळी गुंडाळून ठेवा, रिबीन विटकी असली तरी मूळची ती राहू द्या. परदेशातला कोणी संग्राहक चांगली किंमत देतो म्हणाला तरी टपालाने पाठवण्याआधी थांबा: १९७२च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि ही दोन्ही पदकं आता त्या वयाची आहेत.